गैरहजरांची हजेरी

बोईसर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय शैलाआत्या,

तुला आणि रंभाबाईंना नमस्कार.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तुझा डावा कान केव्हाच रजेवर गेला होता, आता उजव्यानेही राजीनामा दिला, असं बाबांकडून कळलं. बाबा म्हणाले, "ताईला काही सांगायचं असेल तर लिहून सांग, आणि कागदावर लिही. मोबाइलवरच्या अक्षरांना ती अक्षरं मानत नाही." म्हणून हे पत्र.

नुसती खुशाली नाही, कामही आहे. आमच्या पालघरच्या कॉलेजात परिपत्रक आलंय, की शिकवताना पॉडकास्ट वापरा. ते वाचून स्टाफरूममध्ये सगळ्यांनी आपापल्या चहात पाहिलं आणि मी हात वर केला. पॉडकास्ट म्हणजे काय विचारशील, तर रेडिओच, पण ऐकणाऱ्याच्या सवडीचा. आपण बोलून, ध्वनिमुद्रित करून ठेवायचं. पोरांनी ते कुठल्याही मोबाइलवर उतरवून घ्यायचं आणि हवं तेव्हा ऐकायचं. एसटीत बसून, भांडी घासताना, कुठेही. नाही कळलं तर मागे नेऊन पुन्हा ऐकायचं.

हात का वर केला ते सांगते. दरवर्षी दिवाळी सरली की माझा दुसऱ्या वर्षाचा भूगोलाचा वर्ग विरळ होतो. सातपाटीचा प्रफुल्ल तांडेल बोटीवर जातो, पाम गावचा हितेश संखे एमआयडीसीत पाळीवर लागतो, आणि डोंगराकडची मुलं घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जातात. यंदा त्यांत बायडी आहे. बायडी वरठा. मनोरच्या पुढे तिचा पाडा, तिथून रोज एसटीने येते. मी एकदा नकाशा उलटा टांगला तेव्हा सगळा वर्ग त्याकडे भक्तिभावाने बघत होता. "बाय, मुंबई वर गेली," असं सांगणारी ती एकटीच. बाईला ती 'बाय' म्हणते.

परवा ती निरोप घ्यायला आली. "बाय, आमी भिवंडीकडं भट्टीवर जातूं. होळीला येव." मी परीक्षेचं विचारलं तर म्हणाली, "बघूं."

आत्या, हे 'बघूं' माझ्या चांगलं ओळखीचं आहे. 'बघूं' म्हणून गेलेलं एकही पोर माझ्या वर्गात परत परीक्षेला बसलेलं नाही. बायडीने एप्रिलमध्ये पेपर लिहावा, एवढ्यासाठी मी हा उद्योग अंगावर घेतलाय. तू आयुष्यभर रेडिओवर बोललीस. मला बोलायला शिकव.

तुझी
उत्कर्षा


जळगाव
२७ नोव्हेंबर २०२४

चि. उत्कर्षा,

तुला आणि जावईबुवा दिग्विजयला आशीर्वाद. बोलायला शिकव म्हणतेस! लहानपणी तुझं तोंड बंद करायला मी लिमलेटच्या गोळ्या आणायची.

'ऐकणाऱ्याच्या सवडीचा रेडिओ' हे वाचून हसू आलं. आम्हीही सवडीनेच बोलायचो गं, फक्त ती सवड आम्हाला ओळखावी लागायची. बाई भाकऱ्या थापत असेल तेव्हा काय सांगावं, माणूस मळ्यातून आलेला असेल तेव्हा काय, याचाच आम्ही दिवसभर काथ्याकूट करायचो. तू आधी हे ठरव, की तुझी बायडी ऐकताना काय करत असेल. तिचे हात रिकामे नसतील, एवढं नक्की. म्हणजे लिहून घ्यायला सांगू नकोस, आकृती बघायला सांगू नकोस. एका वेळी एकच गोष्ट सांग आणि ती संपली की गप्प बस. शिक्षकांना हे शेवटचं फार जड जातं. आणि 'विद्यार्थी मित्रहो' वगैरे नको. समोर एकच माणूस बसलंय असं धरून बोल.

आता माझी अट. मला ऐकू येत नाही, म्हणून जे बोलशील ते जसंच्या तसं कागदावर उतरवून पाठव. खोकलीस तर खोकला लिही. मी लाल पेन्सिल काढून ठेवली आहे. मी मोठ्याने वाचते आणि रंभाबाई ऐकतात. माझा आवाज मला ऐकू येत नाही, पण दम कुठे संपतो ते छातीला कळतं. रंभाबाई माझ्याकडे स्वयंपाकाला येतात तशा आता श्रोता म्हणूनही येतील. कंटाळल्या की त्या काही न बोलता दळण आणायला जातात. त्यांचं बोलणं मला ओठांवरून कळतं, तेव्हा आम्हा दोघींचा मिळून एक धडधाकट श्रोता होतो.

घाबरू नकोस.

तुझी आत्या


बोईसर
१५ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

झालं! आपला पॉडकास्ट सुरू झाला. सोबत दोन भागांचे कागद आहेत. माझ्या वर्गातल्या दीपिकाने ऐकून ऐकून उतरवलेत, तिचं अक्षर बघ किती सुरेख आहे.

प्राचार्यांनी उत्साहाने उद्घाटन ठेवलं. पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, मुलींनी स्वागतगीत म्हटलं. प्राचार्यांचं मनोगत, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत आणि आभार, असं सगळं नीट ध्वनिमुद्रित होऊन भाग पहिला तयार झाला. वायर अडकून समई पडता पडता वाचली, तेवढं सोडलं तर कार्यक्रम देखणा झाला. भाग दुसरा माझा आहे: 'स्थलांतराची कारणे'. मी पुस्तकातलं प्रकरण चांगलं तयार करून, स्वच्छ उच्चारांत वाचलं. पाऊण तास चाललं, कुठेही अडखळले नाही. प्राचार्य इतके खूश झाले, की आता दर सोमवारी प्रार्थनेनंतर लाऊडस्पीकरवर सगळ्या कॉलेजला ऐकवायचं ठरलंय.

बायडीचं अजून काही कळलेलं नाही. पण पहिलेच दिवस आहेत. तुला कसं वाटलं ते मोकळेपणाने लिही.

उत्कर्षा


जळगाव
२४ डिसेंबर २०२४

चि. उत्कर्षा,

मोकळेपणाने लिहायला सांगितलंस, आता भोग.

पाकीट उघडलं तेव्हा वाटलं कुणाची तरी लग्नपत्रिका आली. उत्कर्षा, दिवा लावलेला रेडिओवर दिसतो का गं? नारळ दिलेला ऐकू येतो का? बिचाऱ्या रंभाबाई स्वागतगीतापर्यंत तग धरून होत्या. प्राचार्यांच्या मनोगतात त्या दळणाला गेल्या आणि घरात दळण नव्हतंच, तरी गेल्या.

भाग दुसरा. तू चार वेळा 'तद्वतच' म्हणालीस. मी पेन्सिलीने खुणा केल्यात. तद्वतच म्हणणारी बाई मला डोळ्यांपुढे आणता येईना. लहानपणी तू मला विहिरीत पडलेल्या बोक्याची गोष्ट सांगितली होतीस, तेव्हा म्हणाली होतीस का 'तद्वतच बोका'? शिवाय भट्टीवर गेलेल्या मुलीला तू भट्टीवर जाण्याची कारणं वाचून दाखवतेस! ती ते जगतेय. तिला काहीतरी असं सांग, जे तिला तिथे बसून पुढचं ऐकावंसं वाटेल.

आणि लाऊडस्पीकर. हे वाचून मात्र मी कपाळाला हात लावला. जी मुलं मैदानात उभी आहेत त्यांना ऐकवून काय मिळवलंस? हा सगळा खटाटोप गैरहजरांसाठी होता ना?

रडू नकोस. माझं पहिलं ध्वनिमुद्रण ऐकून आमचे साहेब म्हणाले होते, "बाई, तुम्ही बातम्या सांगताय की दुखवट्याचं पत्र वाचताय?" पुन्हा कर.

आत्या

ता. क. दीपिकाचं अक्षर खरंच सुरेख आहे.


बोईसर
१२ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

रडले. थोडंसंच. दिग्विजय म्हणाला, "तुझ्या आत्याला ऐकू येत नाही तरी एवढं कळलं, ऐकू आलं असतं तर आपलं काय झालं असतं!" मग मीच हसायला लागले.

खरं सांगू? मागच्या पत्रात मी लपवलं होतं. ते भाग कुणीच पुरते ऐकले नव्हते. किती जणांनी कुठे सोडून दिलं ते मोबाइलवर दिसतं, आणि माझ्या बोलण्याआधीच मंडप रिकामा झालेला दिसत होता.

आता सगळं बदललंय. प्राचार्यांना म्हटलं, "सर, लाऊडस्पीकर नको, तो ज्यांच्यापर्यंत पोचतो ते वर्गात आहेतच." ते जरा हिरमुसले. म्हणाले, "बरं, चालवा तुमच्या पद्धतीने. पण बाहेर गेलेल्यांतलं कुणी परीक्षेला बसलं नाही, तर पुढच्या वर्षी या नादाला लागायचं नाही." मी कबूल केलं. आता मी घरीच बोलते. दिग्विजय ड्युटीवर गेला की आतल्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाला टेकून, डोक्यावरून गोधडी घेऊन. गोधडीने आवाज घुमत नाही आणि एमआयडीसीचा भोंगाही जरा लांब जातो. दहा मिनिटं, एकच गोष्ट, पुस्तक मिटून.

पहिल्यांदा भरती-ओहोटी घेतली. सातपाटीच्या बोटी खाडीतून कधी बाहेर काढतात आणि चंद्राचा त्यात काय संबंध, एवढंच सांगितलं. मधेच कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी पुसणार होते, पण घाईत तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी हितेशचा पाळीवरून निरोप, "मॅडम, चंद्राचं समजलं, डाळ शिजली का?" प्रफुल्ल तर धक्क्यावरून पाच मिनिटं बोलला, की तुमची भरतीची वेळ बरोबर पण आमचे तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, अमावस्येला काय म्हणतात तेही सांगा. बोटीवर निघण्याआधी तो सगळे भाग उतरवून घेतो म्हणे, समुद्रात नेट नसतं म्हणून.

तुझ्या 'गैरहजर' या शब्दावरून एक सुचलं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मी हजेरी घेते. जे गेलेत फक्त त्यांची. "रोल नंबर चार, रोल नंबर अकरा, रोल नंबर एकोणतीस," असं म्हणायचं आणि जरा थांबायचं. मला वाटलं, आपण वर्गातच आहोत असं त्यांना वाटेल.

एकोणतीस म्हणजे बायडी. तिच्याकडून काहीही नाही. पाठवलेलं उघडलंही जात नाही. बापाचा फोन आहे, तिच्या हाती केव्हा लागत असेल कोण जाणे. कागद सोबत आहेत. या वेळी रंभाबाई कुठपर्यंत बसल्या ते कळव.

उत्कर्षा


जळगाव
२१ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षा,

रंभाबाई शेवटपर्यंत बसल्या! वर म्हणाल्या, "समुद्राचं पाणी परत जातं तर जातं कुठं?" त्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. मी वाटीत पाणी घेऊन दाखवायला गेले आणि माझ्याच अंगावर सांडलं. शिट्ट्या ठेवल्यास ते उत्तम केलंस. शिट्टी ऐकली की माणूस घरातलं होतं.

हजेरीची कल्पना माझ्या डोक्यात यायला हवी होती, तुझ्या आली. पण बाई गं, रोल नंबर? वाचताना मला दवाखान्यात नंबर पुकारतात त्याची आठवण झाली. एकोणतीस नंबरची मुलगी मला दिसत नाही. तुला दिसते का?

तुला फर्माईशीचं सांगते. आठवड्यातून एकदा मी श्रोत्यांच्या पसंतीची गाणी लावायची. गाणं लोकांनी शंभरदा ऐकलेलं असायचं, घरी कॅसेटही असायची. तरी ते पोस्टकार्ड टाकायचे आणि रेडिओभोवती कोंडाळं करून बसायचे. कशासाठी? गाण्याच्या आधी नाव येतं म्हणून. नाव, वडिलांचं नाव, गाव. एकदा मी एका माणसाचं नाव बरोबर वाचलं आणि गाव शेजारचं सांगितलं. तो माणूस दुसऱ्या दिवशी बस बदलत बदलत थेट आमच्या दारात! "बाई, आमच्या गावात कुणाचा विश्वास बसंना, परत वाचा." मी परत वाचलं. त्या दिवशी मला कळलं की मी नेमकी कशाची नोकरी करते.

तेव्हा नंबर सोड. पूर्ण नाव घे, वडिलांसकट, गावासकट. घाईघाईने उरकू नकोस. आणि नावानंतर थांबतेस ती जागा मुळीच कमी करू नकोस, भले कुणी उत्तर देवो न देवो.

आत्या


बोईसर
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

आज मी इतकी खुशीत आहे की पत्राऐवजी ओरडावंसं वाटतंय, पण तुझा काही उपयोग नाही!

तू सांगितलंस तसं केलं. कॉलेजच्या कार्यालयातून सगळ्यांची पुरती नावं घेतली. वर्गात आम्ही कायम नंबरच पुकारतो, त्यामुळे बायडीच्या वडिलांचं नाव जिवल्या आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मग गोधडीखाली बसून सावकाश म्हटलं, "प्रफुल्ल जयवंत तांडेल, सातपाटी. हितेश मधुकर संखे, पाम. बायडी जिवल्या वरठा," आणि पुढे तिच्या पाड्याचं नाव. आणि थांबले.

चौथ्या दिवशी बायडीचा आवाज आला. मोबाइलवर बोलून पाठवतात ना, तसा. मागे बाया बोलतायत, पोरं रडतायत, फावड्याचा आवाज. आणि ही ठणठणीत, "हाजर, बाय!" एवढंच. मी ते जेवणाच्या टेबलावर दिग्विजयला इतक्यांदा ऐकवलं की तो म्हणाला, "अगं, आमटी थंड झाली."

आता ती दर भागाला 'हाजर' पाठवते. मागच्या आठवड्यात प्रश्न पाठवला: "बाय, आमची भट्टी खाडीजवल हाय. भरती दिसातून दोनदा येते बोललांत, तं मोठी भरती कवा, ता सांगा. कच्च्या इटा भिजल्या तं मुकादम आमाला बोलतो." आत्या, पाऊण तास स्थलांतराची कारणं वाचून जे झालं नाही ते या एका प्रश्नाने झालं. पुढचा सबंध भाग मी त्यावर केला, 'बायडीने विचारलंय' अशी सुरुवात करून. उधाण म्हणजे काय, ते अमावस्या-पौर्णिमेला का येतं, तिथीवरून वेळ कशी काढायची, सगळं. प्रफुल्लने बोटीवरून येऊन त्यात दुरुस्ती सुचवली, तीही घातली. वर्गातली मुलंसुद्धा आता हे ऐकून येतात आणि मला विचारतात. इतकी वर्षं मी विचारायचे आणि ते खिडकीबाहेर पाहायचे.

शिकवण्यात एवढी मजा असते हे मी विसरले होते. पेपर एप्रिलमध्ये आहे. ती येईल, आत्या. मला आता तसं वाटायला लागलंय.

उत्कर्षा


जळगाव
२५ फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षा,

आज छोटंसं. उधाणाचा भाग वाचला. पेन्सिल उचललीच नाही. रंभाबाईंची भाजी लागली, वास मला आला तेव्हा कळलं. रंभाबाई रागावून म्हणाल्या, "तुम्ही वाचायचं थांबायचं होतं ना!" आम्ही दोघींनी ती करपलेली मेथी आनंदाने खाल्ली.

मला आज फार बरं वाटतंय. कान गेल्यावर वाटलं होतं, आता आपल्याजवळ कुणाला द्यायचं काही उरलं नाही. तसं नाही हे तू मला न सांगता सांगितलंस.

आत्या


बोईसर
२४ मार्च २०२५

प्रिय आत्या,

माझी खुशी फार टिकली नाही.

होळीला बायडी पाड्यावर आली होती. डोंगराकडची सगळी माणसं कुठे कुठे असतील तिथून होळीला घरी येतात. दीपिका तिला मनोरच्या बाजारात भेटली. बायडी तिला म्हणाली, "बा बोलला, मधी काम सोडून कसां यावां?" आणि होळी झाल्यावर ते सगळे परत भट्टीवर गेले. तेव्हापासून फोन बंद आहे. 'हाजर' येत नाही. भाग उघडला जात नाही. तिचं परीक्षेचं प्रवेशपत्र मी कार्यालयातून आणून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, रोज ड्रॉवर उघडून बघते आणि लावते.

मला त्या बापाचा इतका राग आलाय! मी त्याला पाहिलेलं नाही, पण मला तो दिसतो. पोरगी शिकतेय ते त्याच्या डोळ्यांत खुपत असणार. फोनही त्यानेच काढून घेतला असणार. येत्या रविवारी दिग्विजयला घेऊन मी भट्टीवर जाणार आहे आणि त्याला चार शब्द सुनावणार आहे. प्राचार्य काय म्हणतात याची मला पर्वा नाही, पुढच्या वर्षी बंद करायला लावलं तरी चालेल. पण ही मुलगी घरी बसली तर माझ्या सगळ्या बोलण्याला अर्थ काय?

उत्कर्षा


जळगाव
२८ मार्च २०२५

चि. उत्कर्षा,

हे स्पीडपोस्टाने धाडते, कारण तुला रविवारच्या आत थांबवायचंय.

जाऊ नकोस. तू मोटारीतून उतरशील, मुकादम खुर्ची मागवेल, आणि तो माणूस चिखलाच्या हातांनी तुझ्यासमोर उभा राहील. मग तू त्याला सुनावशील? त्याच्या मुलीदेखत? तिने पुन्हा कधी तुझा आवाज लावला नाही तर तिचा दोष नाही. आणि 'असणार, असणार' काय लावलंयस? आम्हाला खात्री नसलेली बातमी वाचायला बंदी होती. तुला फक्त एवढं माहीत आहे, की फोन बंद आहे.

तुला जे येतं ते कर. वादळाचा इशारा असला की आम्ही गाणी बाजूला ठेवायचो आणि तेवढंच सांगायचो, सरळ, साध्या शब्दांत. शिकवू नकोस, विनवू नकोस, रडू तर मुळीच नकोस. पेपर कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठली एसटी धरायची, तुझ्याकडे काय ठेवलंय, तू कुठे उभी असशील. त्याआधी नावं घे, नेहमीसारखी. एक फोन बंद असेल, पण तुझा आवाज काही त्या एकाच फोनात नाही. ज्याला हवा तो कुठूनही लावू शकतो, असं तूच मला लिहिलं होतंस.

नंतर वाट पाहा. बोलणाऱ्याला तेवढंच करता येतं. मला ठाऊक आहे की हे जड आहे.

आत्या


बोईसर
१० एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी रविवारी गेले नाही. गोधडी घेतली, नावं घेतली, तारीख सांगितली, वेळ सांगितली, मनोरहून सुटणारी एसटी सांगितली. म्हटलं, "प्रवेशपत्र माझ्याकडे आहे. मी फाटकापाशी उभी आहे." दोन मिनिटांत संपलं. दीपिकाने ते उतरवलं तेव्हा पान अर्धंसुद्धा भरलं नाही.

काल पेपर होता. मी सकाळीच फाटकाशी जाऊन उभी राहिले. प्रफुल्ल आला, अंगाला सुक्या बोंबलाचा वास आणि तोंडभर हसू. हितेश पाळी करून डोळे चोळत आला. मनोरची एसटी आली आणि रिकामी झाली, तिच्यात बायडी नव्हती. पहिली घंटा झाली. प्राचार्य व्हरांड्यातून माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

मग रस्त्याच्या पलीकडे एक टेम्पो थांबला. विटांचा. मागून बायडी उतरली, अंगावर लाल धूळ, हातात पिशवी. तिच्यामागून एक किरकोळ बांध्याचा माणूस उतरला. त्याने डोक्याचा टॉवेल सोडून झटकला, पुन्हा नीट बांधला आणि मग रस्ता ओलांडला. बायडी म्हणाली, "बाय, हा माझा बा."

मी प्रवेशपत्र तिच्या हातात दिलं. तोच म्हणाला, "तुमीच का त्या नाव घेनाऱ्या बाय?"

मी मान हलवली.

"आमचा फोन पान्यात पडला," तो म्हणाला. "पोरगी चार दीस जेवली नाय. मग मीच मुकादमाकडं गेलूं. त्याला बोललूं, तुजा फोन दे, आमच्या बायचा लावूचा हाय. पोरीनं शोधून काडला. त्याच्या फोनात पन माझा नाव वाजला, बाय. सगल्या भट्टीनं आयकला. मुकादम मला 'ए' बोलतो. तुमी सगला नाव घेतां, गाव घेतां. पोरगी सांजचा लावते तवा आमी सगली जना तेवडा आयकाया बसतूं." मग म्हणाला, "तुमी बोललांत, फाटकाशी उबी हाय. मग येवाला नको?"

आत्या, या माणसाला मी चार शब्द सुनावणार होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की दोन्हींचं काय करावं ते कळेना.

दुसरी घंटा व्हायला आली होती. बायडी आत पळणार, तेवढ्यात तो म्हणाला, "बाय, एकदा तोंडानं घ्या."

मी फाटकात उभं राहून म्हटलं, नेहमी म्हणते तसं, सावकाश, "बायडी जिवल्या वरठा." आणि थांबले.

बायडीने तोंड उघडलं, पण त्याआधी तोच म्हणाला, "हाजर हाय."

बायडी हसत सुटली आणि हसतच आत पळाली. मी व्हरांड्याच्या वळणापर्यंत तिला पाहत राहिले. तो मात्र तिथेच उभा होता, जायचं नाव घेईना. त्याला अजून काहीतरी हवं होतं.

"तिच्या आयशीचा पन घ्या," तो म्हणाला. "साखरबाई."

मी म्हटलं, "साखरबाई जिवल्या वरठा." आणि थांबले.

त्याने भिवंडीच्या रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे. "ती भट्टीवर हाय," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "पन हाजर लिवा."

तुझी
उत्कर्षा